तिसऱ्या उडीनंतर

नांदेड
१४ जुलै २०२४

प्रिय ताई,
सा. न.

दिवाळीत तुझं पत्र आलं, त्याला आठ महिने झाले. उत्तर दिलं नाही. न लिहिण्याची कारणं तीन वेळा लिहून काढली आणि तिन्ही वेळा खोटी वाटली म्हणून फाडली. जितका उशीर तितकी लाज, आणि जितकी लाज तितका आणखी उशीर, एवढंच खरं. माफ कर.

बुधवारी सकाळी हादरा बसला तेव्हा मी दाढी करत होतो. प्रेमलाने गॅस बंद केला आणि दुधाचं पातेलं हातात घेऊन ती अंगणात. मी एका गालाला साबण लावलेला, तसाच तिच्यामागे. गल्लीतले सगळे बाहेर. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सर, ऱ्हायलेली दाढी करून घ्या, आता न्हाई येत तो." लोक हसले. मीही हसलो, पण हात तुझा नंबर दाबत होता. पंधरा मिनिटं फोन लागेना. हादऱ्याचा जोर इकडे हिंगोली-नांदेडकडे, तू दीडशे किलोमीटरवर औशात. तिथं काही झालं नसणार हे कळत होतं. तरी त्र्याण्णवच्या भूकंपानंतरचे दोन दिवस आठवले. तू आमच्या ओसरीत बसलेली, आणि गावाकडून कसलीच बातमी येईना. मग फोन लागला आणि तू म्हणालीस, "इथं कायबी न्हाई रे, पोळ्या करून राहिले." बरं वाटलं.

आता मुद्द्याचं. वर्षभरापासून मला एक नाद लागला आहे. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं रेडिओयंत्र असतं, त्याला अँटेना आणि छोटी सोलर प्लेट. मोबाइलवरून त्यात चार शब्द लिहायचे. यंत्र ते हवेत सोडतं. ऐकू येईल त्या अंतरावर दुसरं यंत्र असलं की ते तेच शब्द पुन्हा बोलतं, मग तिसरं. टॉवर लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, परवाना लागत नाही. उंच जागा मात्र लागते. लोहा, अहमदपूर आणि चाकूरला ओळखीच्यांची छपरं मिळाली आहेत. लातूरला एक हवं आणि शेवटचं तुझ्या गच्चीवर. नांदेडहून औशाला, वाटेत कुणाच्या मेहेरबानीशिवाय, एक निरोप पोचवून बघायचा आहे.

तो पहिला निरोप कुठला, तेही ठरलं आहे. तुझा एक निरोप माझ्याकडे त्र्याण्णवपासून पडून आहे. तो पाठवायचा आहे.

गच्ची देशील का?

तुझा
रेणू

*

औसा
२५ जुलै २०२४

प्रिय रेणू,

आठ महिन्यांनी पत्र, आणि त्यात गच्चीची मागणी! दे म्हटलं तर देते. तुझे दाजी विचारत होते, "भाडं किती देतो म्हणला?" मी म्हटलं, मामाचं पोरगं आहे, उलट जेवण आपल्यालाच घालावं लागणार.

लातूरची सोयही केली. लखन आठवतो का? भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शाळेत मी शिकवलेल्या पहिल्या वर्गातला, नाकातून शेंबूड आणि तोंडातून पाढे एकदम यायचे तो. आता त्याचं पाच मजली मुलींचं होस्टेल आहे. दीडशे पोरी, सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या. मोबाइल रविवारी एक तास, बाकी कपाटात कुलूपबंद. त्याला फोन केला तर म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणाल तर पाण्याची टाकी काढून तिथं डबा लावतो." टाकी राहू दे म्हटलं.

मागच्या महिन्यात त्याच्याकडे गेले होते. किनवटकडची एक पोरगी आईसोबत आली होती. दुसऱ्यांदा परीक्षा देणार. आई पोरीची गादी स्वतः डोक्यावर घेऊन चार मजले चढली, पोरीला हात लावू दिला नाही. म्हणाली, "तू आब्यास कर." मला जिन्यातच बसावंसं वाटलं.

माझी आई अशी नव्हती, असं मी नेहमी म्हणते. तुला माहीत आहे, मी शिकायला तुमच्याकडे नांदेडला होते तेव्हा बारावीआधीच्या उन्हाळ्यात भांडण झालं. तिने सोयरीक आणली होती, मी म्हटलं मांडवात पाय ठेवणार नाही. "मग माझ्या दारात बी ठिवू नको," म्हणाली. दरवर्षी गणपती विसर्जनाला तिचा निरोप यायचा. त्या वर्षी आला नाही. विसर्जनाची रात्र, आणि पहाटे ते झालं. बाबा मिरवणुकीहून येऊन देवळासमोर झोपले होते म्हणून राहिले. मला बोलावलं नाही म्हणून मी राहिले. लोक म्हणतात नशीब. मी म्हणते, ती माझ्यावर रागात असताना गेली. एकोणपन्नास वर्षांची झाले, मुलीचं लग्न केलं, तरी सप्टेंबर आला की तो राग माझ्या घरात येऊन बसतो.

असो. तुझ्याकडचा माझा निरोप कसला? कंपासपेटी तूच मोडलीस, ते सांगायचंय का? ते मला त्याच दिवशी कळलं होतं.

ताई

*

नांदेड
२२ ऑगस्ट २०२४

प्रिय ताई,

राखीला येऊन गेलो त्याला तीन दिवस झाले. तुझ्या पुरणपोळ्यांनी डबा लावण्यापेक्षा जास्त वेळ घेतला, हे नोंदवून ठेवतो.

साखळी पुरी झाली. लोह्याला सोनवणे सरांच्या छतावर पाइप ठोकला तेव्हा खाली सात माणसं जमली. एकाने विचारलं, "सायेब, ह्ये वीज खेचतं का?" दुसरा म्हणाला, "न्हाई, ह्ये पाऊस थांबवायचं हाय." अहमदपूरला धान्याच्या दुकानावर, चाकूरला माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या घरावर. लातूरला लखनने खरंच टाकीवर चढून स्वतः बसवलं. तिथल्या पोरींनी दुसऱ्याच दिवशी अँटेनाला ओढण्या वाळत घातल्या होत्या, त्या त्याने काढायला लावल्या. किनवटची ती पोरगी त्याला विचारत होती, आमच्या गावापर्यंत कवा येतंय. मी काय सांगणार? मध्ये जंगल आहे आणि माझ्याकडे डबे संपले.

तुझ्या गच्चीवरून लातूरला शब्द गेला, चाकूरचाही आला. नांदेडचं तपासता आलं नाही, कारण नांदेडला मीच नव्हतो. एका वेळी सत्तरएक अक्षरंच जातात, काना-मात्रा धरून. इंग्रजी असतं तर तिप्पट गेली असती, कारण आपल्या प्रत्येक अक्षराला हे यंत्र तीन जागा देतं. हे सांगितल्यावर तू म्हणालीस, "म्हणजे मराठी माणसानं तोंड आवरायचं तर!" दाजी शिडी धरून इतके हसले की मी वर हललो.

मग तू किल्ल्याकडे बघत मला विचारलंस, "सांग ना, कसला निरोप?" मी म्हणालो, सतरा सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला पाठवतो. बसमध्ये बसल्यावर स्वतःला विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं? तू समोर होतीस. दाजी खाली गेले होते. एक वाक्य होतं. मी पाच गावांत पाच डबे उभे केले ते बोलण्यासाठी, की बोलणं टाळण्यासाठी?

सतराला सकाळी तुझ्या शाळेत मुक्तिदिनाचं झेंडावंदन असेल. दुपारी चारला गच्चीवर ये. मोबाइल डब्याला जोडून ठेव.

रेणू

*

नांदेड
२७ सप्टेंबर २०२४

प्रिय ताई,

दहा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. डब्यातून नाही, फोन नाही. मीही केला नाही, धीर झाला नाही. संदेश पोचला आहे. माझ्या पडद्यावर त्याच्यासमोर बरोबरची खूण आली, ती मी चारदा पाहिली. म्हणजे तू वाचलंस. गप्प राहण्याचा तुला हक्क आहे. पण सत्तर अक्षरांत जे मावलं नाही ते सगळं लिहिलं पाहिजे.

२७ सप्टेंबर १९९३, सोमवार, दुपार. तू कॉलेजात होतीस, आई-बाबा बाहेर. मी ओसरीत जमिनीवर ट्रान्झिस्टरचा जोडसंच पसरून बसलो होतो. हातात तापलेली इस्त्री, म्हणजे डाग द्यायची. दारात तुझ्या गावचे निवृत्तीकाका उभे राहिले. पाय चिखलाचे होते म्हणून आत आले नाहीत. पाणी मागितलं, मी तांब्या दिला. आत्याचा निरोप घेऊन आले होते. म्हणाले:

"केवळावैनीनं सांगितलंय, पोरीला इसर्जनाला धाडा. माझा राग गेला म्हणावं. लगीन नको तर नको. शीक म्हणावं."

मी मान वर न करता म्हणालो, "हाव काका, सांगतो."

"ध्यानात ऱ्हाईल नव्हं?"

"ऱ्हाईल की."

ते निर्धास्त झाले. पाणी प्यायले आणि गेले. त्या संध्याकाळी माझ्या ट्रान्झिस्टरमधून पहिला आवाज आला. तू कॉलेजातून आलीस तेव्हा मी तुला ओढत नेऊन तो ऐकवला. आठवतं? तू शाबासकी दिलीस. निरोप माझ्या डोक्यातून गेला होता.

बुधवारी रात्री गल्लीतून मिरवणूक निघाली तेव्हा आठवला. गावाकडची बस केव्हाच गेली होती. बाबा रागावतील म्हणून गप्प बसलो. ठरवलं, सकाळी सांगू. पहाटे आपल्यालाही हलकं जाणवलं, भांडी वाजली. दुपारपर्यंत पडलेल्या गावांची नावं येऊ लागली, दोन दिवसांनी आत्याचं कळलं. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही, असं मला वाटलं. पंधरा वर्षांच्या मुलाला तसं वाटणं समजू शकतं. पण मी पंधराचाच राहिलो नाही.

मी हे स्वतःला शेकडो वेळा विचारलं आहे. निरोप दिला असता तर तू गेली असतीस. म्हणजे माझ्या विसराळूपणाने तू वाचलीस. आणि त्याच विसराळूपणाने तू एकतीस वर्षं मानत आलीस की आत्या रागात गेली. पहिल्या गोष्टीच्या आड मी दुसरी लपवली. जुलैच्या पत्रात तू त्या रागाचं लिहिलंस तेव्हा मला माझीच शिसारी आली. तरी दोन महिने घेतले.

राग गेला होता, ताई. शीक म्हणाली होती. हे शब्द तिचे आहेत, मी त्यात काही घातलेलं नाही.

रेणू

*

औसा
५ ऑक्टोबर २०२४

प्रिय रेणू,

आधी यंत्राचं सांगते, मग माझं. तुझा संदेश माझ्याकडे आलाच नाही.

सतराला चार वाजता मी गच्चीवर गेले. दाजींनी खुर्ची आणून दिली, चहा आणून दिला, शेवटी छत्री आणून दिली. सहापर्यंत बसले. काही नाही. दाजी म्हणाले, "तुझ्या भावाचा निरोप वाटंत चाकूरला जेवायला थांबला असंल." मला वाटलं तुझं पुन्हा धाडस झालं नाही, म्हणून फोन केला नाही. तुला लाजवायचं नव्हतं.

बावीसला, रविवारी, दारात मोटारसायकल वाजली. लखन. आत येईना. खिशातून चार घड्यांचा कागद काढला, मागच्या बाजूला त्यांच्या क्लासचे गोल रंगवायचे प्रश्न छापलेले. पुढे त्याच्या अक्षरात: "ताई, ९३ला आत्यानं तुला बोलावलं होतं. निरोप मी दिला नाही."

तो म्हणाला, "बाई, ह्ये सतराला माझ्या डब्यात आलं. वाचलं, माफ करा, वाचल्याबिगर कुणाचं हाय ते कळत न्हाई. तुमचं उत्तर काही दिसंना. म्हणलं घरातलं हाय, आपण कशाला नाक खुपसा. पण तुमच्यापोतर गेलंच नसंल तर? फोनवर वाचून दाखवायचं बी बरं वाटंना. मग आलो."

मी त्याला आत घेतलं, पोळ्या वाढल्या, चहा दिला.

राग आला, रेणू. चार दिवस आला. पंधरा वर्षांच्या पोराचा नाही. पण तू तीस वर्षांचा झालास, चाळिशी ओलांडलीस, दर राखीला माझ्यासमोर पाटावर बसलास, आणि ओवाळून घेऊन गेलास. फोन होता की रे! डबे कशाला हवे होते? हा राग अजून थोडा आहे. तो लपवत नाही, कारण लपवण्याचं काय होतं ते आपण दोघांनी पाहिलं.

पण रागापेक्षा मोठं दुसरंच होतं. बोलावलं होतं, हे कळलं. कसं बोलावलं होतं, ते त्या कागदावर नव्हतं. मायेनं, की सोयरीक पक्की करायला? तुला विचारायची भीती वाटत होती. म्हणून मी गप्प होते. तू समजलास तसं नव्हतं.

तुझं पत्र मंगळवारी शाळेत आलं. सहावीला शुद्धलेखन घालत होते. शिपायाने पाकीट टेबलावर ठेवलं, तुझं अक्षर पाहून मी तिथेच फोडलं. "शीक म्हणावं" इथपर्यंत आले आणि पुढचं वाक्य सांगायचं राहिलं. चाळीस पोरं पेन धरून बसलेली. शेवटी पहिल्या बाकावरची चांगुणा म्हणाली, "बाई, पूर्णविराम द्यायचा का?" मी म्हटलं, दे.

घरी येऊन पुन्हा वाचलं. मोठ्यानं, गावच्या बोलीत, तिच्या आवाजात. दाजी बाहेर जाऊन बसले. शहाणा माणूस.

आता ऐक. मला दुसरं काहीतरी कळलं आहे. निवृत्तीकाका अजून आहेत, नव्या वसाहतीत. सहासष्ट वर्षांचे झाले, अजून पावसातसुद्धा पत्र्याखाली बाहेरच झोपतात. मी गावाकडे गेले की सगळे बोलतात, हे कधी नीट बोलले नाहीत. "बरी हाईस का," म्हणायचं आणि मान दुसरीकडे. मला वाटायचं, शिकलेल्या पोरीवर जुन्या माणसाचा राग. ते नाहीच रे. त्या माणसाला वाटतंय की त्याने निरोप पोचवला, आणि तो मिळूनही मी आले नाही. आईने राग सोडला, मी सोडला नाही. आणि हे मला ऐकवलं तर पोर मोडून पडेल म्हणून एकतीस वर्षं तो तोंड फिरवतोय.

तुझ्यावर विश्वास ठेवून तो पाणी पिऊन निघाला होता. त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही की निरोप कुठे अडकला आणि शेवटी कुठे पोचला.

शुक्रवारी ये. आपण दोघं त्याच्याकडे जाऊ. डब्यानं नाही, कागदानं नाही. तू त्याच्या दारात उभा राहून सांगायचं. मी शेजारी असेन.

माफ केलं वगैरे लिहीत नाही, तो शब्द आपल्यात कधी लागला नाही. जेवायला ये.

ताई

ता.क. : आणि तो डबा दुरुस्त कर. मला सतराला दोन तास उगाच भिजवलंस.

*

नांदेड
१० ऑक्टोबर २०२४

प्रिय ताई,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, उद्या माझ्याच हातानं देईन.

चूक सापडली. एक संदेश किती वेळा पुढे बोलला जावा, याला मर्यादा असते, नाहीतर तोच तो हवेत फिरत राहील. यंत्र कारखान्यातून येतं तेव्हा ती तीन असते. मी दुसरं सगळं बदललं, हीच तीन तशीच ठेवली. लोह्यानं माझा संदेश ऐकून पुढे बोलला, ही पहिली उडी. अहमदपूर दुसरी. चाकूर तिसरी. लातूरनं तो ऐकला, पण उड्या संपल्या होत्या, म्हणून पुढे बोलला नाही. चौथी उडी मोटारसायकलवरून झाली.

आणि ती बरोबरची खूण, जी मी चारदा पाहिली? तिचा अर्थ फक्त एवढाच होता की शेजारच्या कुणीतरी ऐकलं. ज्याच्यासाठी आहे त्याने ऐकलं, असं ती कधी म्हणतच नव्हती. मी फिजिक्स शिकवतो, पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी मला हवा तोच अर्थ मी घेतला. ओसरीत मी "हाव काका, सांगतो" म्हणालो, तेव्हा निवृत्तीकाकांनीही तसाच घेतला असेल. त्यांची चूक नव्हती. खूण करणारा मी होतो.

लखनला फोन केला. "आभारी आहे" म्हणालो. तो म्हणाला, "सर, त्यात काय? पेट्रोल बाईंच्या पोळ्यांत वसूल झालं."

तीनच्या सहा केल्या. काल संध्याकाळी लिहिलं, "ताई, ऐकू येतंय का?" आठ मिनिटांनी माझ्या पडद्यावर औशाहून पहिली अक्षरं आली:

"हाय. पोळ्या करून राहिले."

प्रेमलाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी वर्षभर छपरं चढलात?" मी हो म्हणालो. मग तिनं ते पुन्हा वाचलं.

काकांना काय म्हणायचं ते कागदावर लिहून पाहिलं. चार वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी त्यात माझं वय आलं, ट्रान्झिस्टर आला, बाबांची भीती आली. सगळं खोडलं. एकच वाक्य उरलं: काका, तुमचा निरोप तिला मिळाला, पण आत्ता मिळाला, उशीर माझा. ते रागावले तर रागावू देत. बोलले नाहीत तरी मी दारात उभा राहीन. या वेळी तांब्या ते देतील की नाही, ठाऊक नाही.

उद्याचं काम : पहाटेच्या एसटीने औसा, ताईला घेऊन निवृत्तीकाकांच्या दारात, पोच द्यायची.

रेणू